दुधी स्फटिक

डॉ. रघुनाथ माशेलकरांवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. गोव्यातले माशेल, मुंबईतली गरिबी, अनवाणी शाळा, आईचे कष्ट, १९९७ साली अमेरिकेत रद्द करवलेले हळदीचे पेटंट. हे सारे मी आवडीने वाचले. मात्र पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या माणसाने ज्या बहुवारिकांवर, म्हणजे पॉलिमरवर, संशोधन केले ते बहुधा एका वाक्यात उरकले जाते. संशोधकाचे चरित्र आहे, संशोधन नाही.

परिभाषा नाही, ही सबब मला पटत नाही. ‘बहुवारिक’ हा शब्द विश्वकोशाने केव्हाच दिला. अडचण दिलेल्या शब्दांची नाही, जुन्या शब्दांची आहे. ‘स्फटिक’च घ्या. आपल्याकडे स्फटिक म्हणजे निर्मळ, आरपार दिसणारे. पॉलिथिलीनमध्ये उलटे घडते. वितळलेले असताना ते पारदर्शक, थंड होऊन स्फटिक धरू लागले की दुधी. शिवाय साखरेसारखा पूर्ण दाणा तिथे धरत नाही. १९५७ साली ब्रिस्टलमध्ये अँड्र्यू केलर यांनी दाखवले की लांबलचक रेणू धोतराच्या निऱ्यांसारखा घड्या घालून बसतो. घडीची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास, धागा त्याहून कितीतरी लांब. बराच भाग घडीबाहेर गुंताच राहतो.

पुढचा प्रश्न अधिक रंजक आहे. गुरुस्वामी कुमारस्वामी यांनी अमेरिकेत पीएच.डी. करताना वितळलेल्या पॉलिप्रॉपिलीनला क्षणभर घसट दिली आणि थांबवली. पुढे जमलेल्या स्फटिकांत त्या घसटीची दिशा उमटली. नंतर त्यांनी पुण्याच्या याच प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केले. पुण्यातले हे काम मराठी वाचकापर्यंत किती पोचले?

ब्लॉक कोपॉलिमरची गोष्ट तर मराठीत सहज सांगता येते. सुती आणि नायलॉनची दोरी एकमेकींना गाठलेली कल्पा. दोघींचे पटत नाही, पण गाठ सुटत नाही. मग अतिसूक्ष्म अंतरावर त्या आपापले कप्पे करतात. कप्प्याच्या भिंती आधीच कडक झाल्या असतील, तर आतल्या रेणूला स्फटिक धरायला तेवढीच जागा उरते.

याचा कळंबच्या वाचकाशी संबंध काय? आमच्याकडे ठिबकची नळी तडकली की दुकानदार उन्हाकडे बोट दाखवतो. उन्हाचा दोष असतोच. पण सतत ताणाखाली पॉलिथिलीनला चीर जाते, तेव्हा बरेचसे अवलंबून असते ते दोन स्फटिकांना सांधणाऱ्या धाग्यांवर. धागे कमी, तर नळी कडक असूनही लवकर तडकते. ‘व्हर्जिन माल’ हा शब्द इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी आहे, या सांधणाऱ्या धाग्यांसाठी मात्र अजून शब्द नाही. मी तूर्त ‘सांधदोरा’ म्हणतो. कुणाला बरा सुचला तर कळवावा.