प्रतिबंधाचा काल : शस्त्रक्रियेतील प्रतिजैविकांविषयीच्या दोन सूत्रांचे परीक्षण

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली शस्त्रक्रियेच्या जागी होणाऱ्या जंतुसंसर्गाच्या प्रतिबंधासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतील २९ शिफारशींपैकी दोन येथे परीक्षणार्थ घेतल्या आहेत. प्रतिबंधक प्रतिजैविक जेथे आवश्यक असेल तेथे ते छेद घेण्यापूर्वीच्या १२० मिनिटांत द्यावे, ही पहिली. आणि शस्त्रक्रिया संपल्यावर ते प्रतिबंधासाठी चालू ठेवू नये, ही दुसरी. गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावी, उपजिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर, ही सूत्रे कितपत लागू पडतात हे पाहिल्यावाचून त्यांचे मूल्यमापन पुरे होत नाही.

या सूत्रांचे मूळ जॉन बर्क यांच्या १९६१ सालच्या गिनीपिगांवरील प्रयोगांत सापडते. जंतूंचा शिरकाव होताना औषध ऊतींत हजर असेल तर ते प्रभावी ठरते. तीन तासांनंतर दिलेले औषध निष्फळ होते, असे त्यांनी दाखविले. क्लासेन व सहकाऱ्यांनी १९९२ साली २,८४७ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत छेदापूर्वीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांत संसर्गाचे प्रमाण ०.६ टक्के होते; त्याहून आधी मिळालेल्यांत ३.८, तर छेदानंतर तीन तास उलटल्यावर मिळालेल्यांत ३.३ टक्के आढळले. तात्पर्य, प्रतिबंधाचे मोजमाप मिनिटांचे आहे, दिवसांचे नाही.

व्यवहारात मात्र दिवसांचीच भाषा रूढ आहे. ‘कोर्स पुरा करा’ हा उपदेश जडलेल्या रोगाच्या उपचारासाठी सांगितला गेला. तो नकळत प्रतिबंधाच्या क्षेत्रात शिरला. हर्नियाची नियोजित शस्त्रक्रिया आणि ऊसतोडणीच्या कोयत्याने झालेली, मातीने भरलेली जखम यांत मूलतः भेद आहे. दुसऱ्या रुग्णास, किंवा आंत्रपुच्छ फुटलेल्या रुग्णास, दिले जाणारे औषध हा उपचार होय; त्याची मुदत रोगाच्या स्वरूपावर ठरेल. पहिल्यास पाच दिवस गोळ्या देणे हे या दोन कल्पनांच्या संकराचे फळ आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. मोठ्या शहरातील सुसज्ज शस्त्रक्रियागृहाचा नियम लहान गावी कसा लावावा? रुग्ण टाके घेऊन दूरच्या वाडीवर परततो. जखम चिघळली तर दोष शस्त्रवैद्यावर येतो. हे भय खोटे नाही. परंतु उपकरणांच्या निर्जंतुकीकरणात उणीव राहिली असेल तर ती नंतरच्या गोळ्यांनी भरून निघत नाही. उलट, अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील ७९,०५८ रुग्णांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषधाची मुदत वाढल्याने संसर्ग घटला नाही. मूत्रपिंडाची इजा मात्र वाढली. जंतूंची प्रतिकारशक्ती वाढते ती वेगळीच, आणि तिची किंमत पुढचा रुग्ण देतो.

पहिल्या सूत्रात एक शैथिल्य आहे. सेफाझोलिनसारखे औषध रक्तातून लवकर ओसरते. त्यासाठी १२० मिनिटांची मर्यादा सैल पडते, एक तासाची अधिक योग्य ठरते. औषधाचा टिकाऊपणा ध्यानी घ्यावा, असे संघटनाही सुचविते. पण लक्षात राहतो तो आकडाच. एकच भूलतज्ज्ञ असेल तेथे सकाळी खाटेवर सर्वांना इंजेक्शन दिले जाते आणि तिसऱ्या रुग्णाची पाळी दुपारी येते. अशा वेळी नियम पाळल्याचा भास राहतो, संरक्षण मात्र सरून गेलेले असते. म्हणून ही मात्रा खाटेवर न देता शस्त्रक्रियेच्या मेजावर, भूल देतेवेळी द्यावी, हे सूत्राचे आवश्यक विवरण मानले पाहिजे.

एकंदरीत दुसरे सूत्र निरपवादपणे ग्राह्य, तर पहिले दुरुस्तीसह ग्राह्य ठरते. दोहोंच्या पालनास नवे यंत्र लागत नाही. केसपेपरावर इंजेक्शनची व छेदाची वेळ शेजारी-शेजारी लिहिली जावी, आणि पुढे औषध चालू ठेवल्यास त्याचे कारण नोंदले जावे, एवढे पुरेसे आहे. कारण लिहिता येत नसेल, तेथे औषधही थांबावे.