संयुक्त प्रयोगाची रात्र : दुरावलेल्या कलावंतांचे पुनर्मीलन आणि रसिकाची अपेक्षा

प्रस्तावना

दुभंगलेली कलावंत मंडळी पुन्हा एकत्र यावीत ही इच्छा रसिकाच्या मनात वर्षानुवर्षे तग धरून राहते. ‘ॲबा’ या स्वीडनमधील चौघांच्या गायकवृंदाने ५ नोव्हेंबर २०२१ रोजी ‘व्हॉयेज’ हा नवा गीतसंग्रह प्रसिद्ध केला. आधीच्या संग्रहाला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. जगभरच्या चाहत्यांना हर्ष झाला. पण त्या हर्षात धास्तीही मिसळलेली होती. जपून ठेवलेली आठवण नव्या गाण्याने मलिन तर होणार नाही ना, ही ती धास्ती. ज्याची मनापासून वाट पाहिली तेच समोर येताना मन कचरावे, हा अनुभव केवळ पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतापुरता मर्यादित नाही. मराठी रंगभूमीने त्याचा एक प्रकार फार पूर्वी अनुभवला असून त्यासाठी तिच्याजवळ स्वतःचा शब्दही आहे. तो शब्द म्हणजे ‘संयुक्त’.

संयुक्त प्रयोगाची चर्चा आजवर प्रामुख्याने गायकीच्या तुलनेच्या अंगाने झाली. कोण सरस ठरला, कोणाच्या पदाला अधिक ‘वन्स मोअर’ मिळाले, या प्रश्नांभोवती ती फिरत राहिली. त्या रात्री खुर्चीवर बसलेल्या रसिकाला नेमके काय हवे होते, हा प्रश्न मात्र बाजूला पडला. प्रस्तुत लेखाचा रोख त्या प्रश्नाकडे आहे. कलावंत एकत्र येतात ते काही निमित्ताने. रसिकाला मात्र ते निमित्तावाचून, केवळ परस्परांच्या ओढीने एकत्र आलेले हवे असतात. पुनर्मीलनाचा आनंद आणि त्यातील सल ही दोन्ही या अंतरातून उपजतात.

फुटीचा वारसा

संगीत रंगभूमीचा इतिहास हा बऱ्याच अंशी फुटींचा इतिहास आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या किर्लोस्कर नाटक मंडळीने पुढील तीन दशके महाराष्ट्राच्या अभिरुचीवर राज्य केले. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. त्यात भामिनीच्या भूमिकेत नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व, धैर्यधराच्या भूमिकेत नानासाहेब जोगळेकर व लक्ष्मीधराच्या भूमिकेत गणपतराव बोडस होते. पदांच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या होत्या. त्याच वर्षी जोगळेकर निवर्तले. मंडळीत कुरबुरी वाढल्या आणि १९१३ मध्ये बालगंधर्व, टेंबे व बोडस यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. हे त्रिकूटही फार काळ टिकले नाही; टेंबे लवकरच वेगळे झाले.

आपल्या आवडत्या मंडळीची ही फाटाफूट प्रेक्षकाला घरातल्या वाटणीसारखी वाटत असणार. कारण नाटक मंडळी हे तेव्हा एक बिऱ्हाडच होते. एका पंगतीत जेवणारी, एकाच गाडीने गावोगाव जाणारी माणसे वेगळी झाली, म्हणजे नाटकाच्या पात्रयोजनेत बदल झाला एवढाच त्याचा अर्थ उरत नव्हता. विवाहबंधनात असलेली दोन जोडपी विभक्त झाल्यावर ॲबाच्या चाहत्यांची झालेली अवस्था याहून फारशी निराळी नसावी.

८ जुलै १९२१

या पार्श्वभूमीवर ‘संयुक्त मानापमान’ पाहावे लागते. काटेकोरपणे बोलायचे तर ते पुनर्मीलन नव्हते. ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले आणि बालगंधर्व हे कधी एका मंडळीत नव्हते. केशवरावांनी १९०८ साली हुबळीस आपली मंडळी काढली, तेव्हा बालगंधर्व किर्लोस्करांकडे होते. तथापि एकाच संगीत नाटकाच्या परंपरेतून निघालेल्या, परस्परांकडे पाठ करून वाढलेल्या या दोन शाखा होत्या. एकीकडे भास्करबुवा बखल्यांच्या तालमीत मुरलेले, लयीशी लडिवाळपणे खेळणारे गाणे. दुसरीकडे रामकृष्णबुवा वझ्यांच्या तालमीतले, तेजस्वी, जोरकस तानेचे गाणे. रसिकांचे दोन तट पडले होते आणि ते एकमेकांना सहजासहजी मान देणारे नव्हते.

टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात हे दोघे एका रंगमंचावर उभे राहिले. बालगंधर्वांची भामिनी, केशवरावांचा धैर्यधर. ज्या टिळकांनी राजहंसांना ‘बालगंधर्व’ ही उपाधी दिल्याचे परंपरेने सांगितले जाते, त्यांच्या नावाचा हा निधी होता आणि टिळकांच्या निधनाला अद्याप वर्षही लोटले नव्हते. निमित्त इतके थोर होते की त्यापुढे मान तुकवण्यात कोणाचाच अपमान नव्हता. दोन स्पर्धक मंडळ्यांना एरवी जे शक्य झाले नसते ते या निमित्ताने शक्य केले.

नाटकाची निवड येथे अर्थपूर्ण ठरते. ‘मानापमान’ हे अहंकाराचे नाटक आहे. श्रीमंतीच्या तोऱ्यात वाढलेली भामिनी निर्धन पण पराक्रमी धैर्यधराला झिडकारते, पुढे वनमालेच्या वेषात त्याच्या सहवासात येते आणि गर्व गळून तिला त्याची योग्यता पटते. दोन प्रतिस्पर्धी गायक या नाटकात नायक-नायिका म्हणून समोरासमोर येतात, तेव्हा संहितेतील मानापमान आणि रंगमंचामागील मानापमान एकमेकांत मिसळून जातात. प्रेक्षक कथेतील दिलजमाई पाहत होता की कलावंतांची, हे सांगणे अवघड आहे. बहुधा त्याला स्वतःलाही ते सांगता आले नसते. कट्टर गंधर्वभक्ताला त्या रात्री केशवरावांचे पद संपेपर्यंत ऐकावेच लागले, आणि केशवरावांच्या चाहत्याला भामिनीच्या स्वरापुढे निरुत्तर व्हावे लागले. समीक्षकांनी जय-पराजयाचा हिशेब पुष्कळ मांडला. परंतु तटांनी एकमेकांचे ऐकून घेतले, ही त्या प्रयोगाची मोठी मिळकत होती, तिची नोंद क्वचितच झाली.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी केशवराव गेले. त्यामुळे ‘संयुक्त मानापमान’ला उतारवय आलेच नाही. ज्यांनी ते पाहिले त्यांनी पुढच्या पिढीला सांगितले आणि ऐकणाऱ्याने ते पाहिल्यासारखे पुढे सांगितले. ध्वनिमुद्रणाचा अभाव या ठिकाणी आख्यायिकेच्या पथ्यावर पडला, असेच म्हणावे लागेल.

राष्ट्राचे निमित्त, रसिकाचा हिशेब

निमित्ताची ही थोरवी पुढेही दिसते. सी. रामचंद्र आणि लता मंगेशकर यांच्या सहयोगाने १९५३ च्या ‘अनारकली’सारख्या चित्रपटांतून हिंदी गीताला वेगळे माधुर्य दिले. पुढे दोघांत दुरावा आला. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत, पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत, लताबाईंनी कवी प्रदीप यांचे ‘ऐ मेरे वतन के लोगों’ गायिले. त्याचे संगीत सी. रामचंद्रांचे होते. चीनशी झालेल्या युद्धाच्या जखमा ओल्या होत्या. सभेतल्या श्रोत्यांचे डोळे पाणावले ते हुतात्म्यांसाठी. पण या जोडीच्या जुन्या चाहत्याच्या अश्रूंत आणखीही काही असावे. आता पुन्हा पूर्वीसारखे सुरू होईल, ही आशा. तसे झाले नाही. काही गाणी झाली, पण पूर्वीचा ओघ परतला नाही. निमित्त सरले की कलावंत आपापल्या वाटेने जातात, आणि रसिक मात्र त्या एका गाण्याला वचन समजून बसतो.

सी. रामचंद्रांचा नागपूरशी असलेला संबंध येथील अभ्यासकांना ठाऊक आहेच. शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचे शिक्षण या शहरात झाले. त्याच सप्रे गुरुजींचे दुसरे शिष्य म्हणजे वसंतराव देशपांडे.

देहाचा प्रश्न

एका रात्रीचे मीलन आणि अनेक दशकांनंतरचे मीलन यांत मूलभूत फरक आहे तो देहाचा. १९२१ मध्ये दोन्ही कलावंत तिशीच्या आसपास, ऐन भरात होते. दशकांनंतर परतणारा कलावंत सोबत आपले वय घेऊन येतो आणि त्याच क्षणी प्रेक्षकालाही आपल्या वयाची जाणीव करून देतो. बालगंधर्वांचा उत्तरकाळ या दृष्टीने अधिक बारकाईने तपासण्याजोगा आहे. चित्रपटाच्या लाटेत मंडळी मोडकळीस आली. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते संत एकनाथांच्या भूमिकेत पडद्यावर आले, पण रंगभूमीकडे परतल्यावाचून त्यांना राहवले नाही. पन्नाशी ओलांडल्यावरही ते रुक्मिणी आणि सिंधू रंगवीत होते. शालू तोच होता. ज्या देहाकडे पाहून एका पिढीने नेसण्या-माळण्याच्या रीती ठरविल्या तो देह उरला नव्हता.

तरीही लोक येत राहिले. या निष्ठेचे गोडवे मराठीत पुष्कळ गायिले गेले आहेत. त्यात तथ्य आहे. डोळे मिटून ऐकणारा तो श्रोता समोरच्या थकलेल्या आवाजातून मूळचा स्वर स्वतः घडवीत होता, आणि असे घडविणे ही सामान्य गोष्ट नव्हे. पण या निष्ठेला दुसरीही बाजू आहे व ती सांगणे भाग आहे. रसिकाच्या प्रेमाने या कलावंताला वृद्ध होण्याची मुभा दिली नाही. तारुण्यातल्या भामिनीची मागणी करीत राहणारा प्रेक्षक, नकळत का होईना, वृद्ध नारायणरावांना नाकारीत होता. शेवटी पाय निकामी झाले तेव्हाच ही मागणी थांबली. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले. असे असताना या निष्ठेला निर्भेळ म्हणावे की निर्दय, याचा निवाडा सोपा नाही.

ॲबाने याच पेचावर यांत्रिक तोडगा काढला. २००० साली सुमारे शंभर कोटी डॉलरचा प्रस्ताव त्यांनी नाकारला होता. आपण होतो तसे लोकांच्या स्मरणात राहावे, अशी त्यामागची भूमिका होती. २७ मे २०२२ पासून लंडनमध्ये खास बांधलेल्या, सुमारे तीन हजार प्रेक्षकांच्या सभागृहात जो कार्यक्रम सुरू झाला, त्यात हे चौघे प्रत्यक्ष गात नाहीत. सत्तरीच्या आसपासच्या या चौघांनी पाच आठवडे विशेष पोशाख चढवून कॅमेऱ्यांपुढे गाणी सादर केली, त्या हालचाली टिपून घेण्यात आल्या आणि त्यांवर १९७९ च्या सुमाराची त्यांची रूपे संगणकाने चढविली. वादकवृंद तेवढा हाडामांसाचा असतो. प्रेक्षक नाचतात, गातात, रडतात. त्यांचा आनंद खोटा आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

मात्र हा तोडगा कोणाचे ओझे उतरवितो, हे पाहिले पाहिजे. कलावंताला वार्धक्यात तारुण्य वठविण्याच्या जाचातून त्याने सोडविले, हे त्याचे मोठे श्रेय. बालगंधर्वांच्या नशिबी ही सोडवणूक नव्हती. पण त्याबरोबर रसिकाचे कामही काढून घेतले गेले. थकलेल्या स्वरातून मूळ स्वर उभा करण्याची गरज उरली नाही, कारण मूळ रूपच, किंबहुना मूळ रूपाहून निर्दोष असे रूप, तयार समोर आहे. उणीव भरून काढणे हा रसग्रहणाचा गाभा मानला, तर लंडनच्या त्या प्रेक्षकाला भरून काढण्यासारखे काहीच शिल्लक राहत नाही. या तुलनेत ‘व्हॉयेज’ संग्रहातले आवाज अधिक प्रामाणिक वाटतात. ते खाली उतरले आहेत, गडद झाले आहेत, आणि वय लपविण्याचा त्यांत फारसा खटाटोप नाही. चाहत्यांची धास्ती या संग्रहाविषयी होती. खरे तर ती त्या सभागृहाविषयी असायला हवी होती.

नातवाचा कंठ

पुनर्मीलनाचा तिसरा एक मार्ग आहे व तो आपल्याकडे अधिक रुळलेला आहे. ‘लेड झेपलिन’ हा इंग्लिश वाद्यवृंद १० डिसेंबर २००७ रोजी लंडनमध्ये एका दिवंगत ध्वनिमुद्रण व्यावसायिकाच्या स्मरणार्थ एका रात्रीपुरता एकत्र आला, तेव्हा मृत ढोलवादकाच्या जागी त्याचा मुलगा बसला होता. घराण्याच्या परंपरेत वाढलेल्या मराठी रसिकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ मध्ये रंगभूमीवर आले आणि खाँसाहेबांची भूमिका व वसंतराव देशपांडे यांचा स्वर यांची सांगड कायमची बसली. वसंतराव १९८३ मध्ये गेले. पुढे त्यांचे नातू राहुल देशपांडे खाँसाहेब म्हणून उभे राहिले तेव्हा प्रेक्षागृहात दोन प्रकारचे श्रोते होते : आजोबांना ऐकलेले आणि न ऐकलेले. पहिल्यांना प्रत्येक तानेमागे दुसरी तान ऐकू येत होती. दुसऱ्यांना एकच ऐकू येत होती आणि तेवढ्याने त्यांचे काही अडत नव्हते.

सक्करदरा-रेशीमबाग परिसरातील रसिकाला हे सारे परके नाही. रेशीमबागेत २०१७ मध्ये खुल्या झालेल्या कविवर्य सुरेश भट सभागृहात किंवा सिव्हिल लाइन्समधील वसंतरावांच्या नावाच्या सभागृहात जुन्या गीतांचे कार्यक्रम होतात, तेव्हा निवेदक मूळ गायकाचे नाव घेतो आणि टाळी पडते ती त्या नावाला; समोरचा गायक अजून एक सूरही लावलेला नसतो. कराओकेच्या साथीवर गाणाऱ्या हौशी गायकांची तर आज शहरात वाणच नाही. त्यांच्या गाण्याला नाक मुरडणारे पुष्कळ असतात, प्राध्यापक वर्गात तर विशेषच. परंतु मूळ गाण्यात आणि या गाण्यात जे अंतर आहे ते श्रोता अजूनही स्वतःच भरून काढतो, आणि ‘मूळ चीज ऐकली होती का?’ असे शेजारच्या खुर्चीला विचारतो.