मुसुल्ला माशाचा हरवलेला नमुना

जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेख आणि घोड नदीतील मासा यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे सकृद्दर्शनी वाटत नाही. परंतु कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) याच्या लेखनात हे दोन्ही विषय आढळतात. आणि त्यांची पुढे झालेली भिन्न गती पाहिली म्हणजे शास्त्रात संगृहीत नमुन्याचे स्थान कोणते, हा प्रश्न उलगडू लागतो.

मुंबई सरकारचा सांख्यिकी प्रतिवेदक या नात्याने साइक्स १८२४ पासून दख्खनमध्ये हिंडला. जुन्नरनजीकच्या बौद्ध लेण्यांतील लेखांच्या नकला त्याने १८३७ साली प्रसिद्ध केल्या. दख्खनच्या माशांवरील त्याचा प्रबंध लंडनच्या प्राणिशास्त्र-संस्थेच्या प्रकाशनांत १८३९ मध्ये संक्षेपाने आणि १८४१ मध्ये चित्रांसह आला. त्यात ‘बार्बस मुसुल्ला’ हा नवा मासा वर्णिला असून त्याचे मूळ स्थळ शिरूरजवळची घोड नदी असे दिले आहे. ही नदी आंबेगावच्या पश्चिमेकडील सह्याद्रीत उगम पावते, आणि जुन्नरच्या नाणेघाट परिसरातून येणारी कुकडी पुढे तिलाच मिळते. सारांश, या दोन तालुक्यांचे पाणी ज्या खोऱ्यात उतरते, तेच या नावाचे जन्मस्थान होय.

साइक्सच्या प्रबंधाचा गुण निर्विवाद आहे. समकालीन निसर्गशास्त्रज्ञ आश्रयदात्यांची नावे जीवांना देत असता, आणि स्वतः साइक्सनेही सह्याद्रीतील शेकरूला एल्फिन्स्टनचे नाव दिले असता, माशांच्या बाबतीत त्याने बहुधा लोकांच्या तोंडची नावेच स्वीकारली. खुद्री, कोलुस, फुलुंगी, मुल्ल्या ही नावे अशा रीतीने लॅटिन द्विनामांत जाऊन बसली. नदीवर जाळे टाकणाऱ्यांचे ज्ञान शास्त्राच्या परिभाषेत टिकले, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र ते ज्यांनी दिले त्यांची नावे टिकली नाहीत. आणि रोमन लिपीतील दुहेरी ‘ल’वरून मूळ उच्चारात ‘ल’ होता की ‘ळ’, हेही निश्चित करता येत नाही. लोकनाम स्वीकारले गेले, पण ते पुन्हा लोकांकडे नेऊन पडताळण्याची वाट अरुंद झाली.

याहून गंभीर उणीव नमुन्याची आहे. साइक्सने जमविलेले पशुपक्ष्यांचे नमुने ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील संग्रहालयात गेले. तो संग्रह १८७९ साली विखुरला आणि त्यातील प्राणिविभाग ब्रिटिश म्युझियमकडे आला. मुसुल्ल्याचा मूळ नमुना मात्र आज कोठेही ज्ञात नाही. परिणामी १९४० च्या दशकात सुंदरलाल होरा यांनी त्याला महसीर मानून ‘टॉर’ गटात घातले, तर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पुनर्विचारात तो महसीर नसून ‘हिप्सेलोबार्बस’ वंशातील असल्याचे प्रतिपादन झाले. शतकाहून अधिक काळ अभ्यासक वाद घालत राहिले तो माशाविषयी नव्हे, तर एका परिच्छेदाविषयी आणि एका चित्राविषयी.

चित्र पुरेसे नाही काय, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु चित्र म्हणजे चित्रकाराला दिसलेले तेवढेच. कार्प कुळात निर्णायक ठरणारे घशातील दात त्यात दिसत नाहीत. पुढील पिढी जो प्रश्न विचारील त्याचे उत्तरही त्यात नसते. जपून ठेवलेल्या जुन्या ऊतींतून आनुवंशिक द्रव्य मिळविता येते, ही गोष्ट १८३९ मध्ये कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. नमुन्याचे सामर्थ्य हेच, की संग्राहकाला न सुचलेल्या प्रश्नांनाही तो उत्तरे देतो.

शिलालेखांची तुलना येथे बोधप्रद ठरते. साइक्सच्या नकला सदोष असल्या तरी लेख शिळेवर जागच्या जागी होते. म्हणूनच १८८१ साली बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांना जुन्नरच्या लेखांचे वाचन नव्याने मांडता आले. माशाच्या बाबतीत ती शिळा म्हणजे नमुना, आणि तीच नाहीशी झाली. नमुना नसल्यास शक्य तितक्या मूळ स्थळाजवळून नवा प्रमाण-नमुना निवडावा, असे नामकरणाचे नियम सांगतात. पण मूळ स्थळ तरी तेच राहिले आहे काय? आंबेगावात डिंभे येथे घोड अडविली गेली, जुन्नरात माणिकडोह व येडगाव येथे कुकडी अडविली गेली. शिरूरला आज पोचणारे पाणी साइक्सने पाहिलेल्या नदीचे राहिलेले नाही.

तेव्हा साइक्सला दोष देऊन भागणार नाही. प्रमाण-नमुना राखण्याचा दंडक त्याच्या काळी आजच्याइतका रूढ नव्हता. आजच्या संग्राहकाला मात्र ती सबब उरलेली नाही. घोड-कुकडीच्या खोऱ्यातून विभागाच्या कपाटात येणाऱ्या प्रत्येक बरणीवर स्थळ व दिनांक, देवनागरीत लिहिलेले लोकनाम आणि ते सांगणाऱ्याचा उल्लेख असणे हे कारकुनी काम नव्हे. पुढच्या अभ्यासकाला आजच्या अभ्यासकाची चूक दाखविता यावी, याची ती एकमेव तरतूद होय.