फरशीवरील विशेषणे

‘मांडणशिल्प’ हा शब्द आता मराठीत रुळला आहे. तथापि त्यातील ‘शिल्प’ हे उत्तरपद विवेचकास थोडे फसविते. शिल्पासमोर प्रेक्षक उभा राहतो. मांडणीत तो शिरतो, आणि त्याचा देहच कृतीचा एक घटक बनतो. कलावंताच्या देहाने घेतलेला भूप्रदेशाचा अनुभव दुसऱ्याच्या देहापर्यंत पोहोचवावयाचा, तर त्याचे साधन कोणते असावे? स्मृतीत उरते ते केवळ दृश्य नव्हे. वाऱ्याने ताठरलेली मान, ओले पाय, चढावर तुटलेला दम हेही त्यात असते. या प्रश्नाच्या विचारासाठी अमेरिकन कलावंत रोनी हॉर्न यांची आइसलँडमधील ‘वात्नासाफ्न’, म्हणजे ‘जलग्रंथालय’, ही कृती घेणे उपयुक्त ठरेल.

१९५५ मध्ये न्यूयॉर्क येथे जन्मलेल्या हॉर्न यांनी आइसलँड प्रथम पाहिला तो १९७५ मध्ये. त्यानंतर तेथे त्यांच्या वारंवार फेऱ्या झाल्या. १९८२ मध्ये त्यांनी दक्षिण किनाऱ्यावरील एका दीपगृहात मुक्काम केला. ‘टू प्लेस’ या त्यांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड (१९९०) त्या वास्तव्याचे फळ होय. या शीर्षकात स्थळवाचक नामाचे क्रियापद झाले आहे. मराठीत ही किमया साधत नाही, परंतु तिच्यातील आशय स्पष्ट आहे : स्थळ ही वस्तू नसून क्रिया आहे.

‘जलग्रंथालय’ २००७ मध्ये स्टिक्किसहोल्मुर या किनाऱ्यावरील लहान गावी, समुद्राकडे पाहणाऱ्या उंचवट्यावरील जुन्या ग्रंथालयाच्या इमारतीत साकार झाले. तेथे जमिनीपासून छतापर्यंत २४ काचेचे स्तंभ असून निरनिराळ्या हिमनद्यांचे बर्फ वितळवून ते पाणी त्यांत भरले आहे. पादत्राणे काढून आत जावयाचे. पायाखाली रबरी फरशी. तीवर इंग्रजी व आइसलँडी विशेषणे विखुरलेली. ती हवामानास लागू पडतात, तशीच माणसासही.

स्तंभांविषयी प्रस्तुत लेखकाचे मत काहीसे प्रतिकूल आहे. एका स्तंभातील पाणी दुसऱ्याहून निराळे आहे हे आपणांस कळते ते मुख्यतः हिमनदीच्या नावाने. म्हणजे ज्ञानाने, संवेदनेने नव्हे. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे संवाद भरपूर आहे, विरोध क्षीण आहे. स्तंभ प्रभावी ठरतात ते संग्रह म्हणून नव्हे, तर भिंग म्हणून. चालणाऱ्याच्या प्रत्येक पावलागणिक बाहेरचा उजेड आणि समोरचा माणूस त्यांत वाकतो, ताणला जातो. ओक ही आइसलँडमधील हिमनदी २०१४ मध्ये हिमनदी राहिली नसल्याचे जाहीर झाले आणि २०१९ मध्ये तेथे स्मृतिफलक बसविण्यात आला. अशा घटनांनी या संग्रहास शोकाची छटा आली आहे हे खरे. पण ती कृतीबाहेरून आलेली आहे, हा विवेक समीक्षकाने सोडू नये.

फरशीचे तसे नाही. ‘रुक्ष’, ‘प्रसन्न’, ‘कुंद’ ही आपली विशेषणे घ्या. रुक्ष माळ आणि रुक्ष माणूस, प्रसन्न सकाळ आणि प्रसन्न मुद्रा असे आपण सहज म्हणतो. पहिला प्रयोग वाच्य आणि दुसरा लाक्षणिक असे कोशकार सांगेल. परंतु लक्षणेस मुख्यार्थबाध अवश्य आहे, आणि बाध उत्पन्न होतो तो विशेष्यामुळे. फरशीवर विशेष्यच नाही. त्यामुळे दोन्ही अर्थ समान हक्काने नांदतात. आणि रिकाम्या जागी उभा राहतो तो त्या शब्दावर पाय ठेवणारा मनुष्य. प्रदेशाच्या स्मृतीला देहात शिरावयास याहून नेमकी वाट क्वचितच कोणी शोधली असेल. भूदृश्य येथे दाखविलेले नाही. त्याचे विशेषण आपणांस लागले आहे.

मात्र दोन भाषांची कामगिरी सारखी नाही, आणि ही बाब सौंदर्यविचारात सहसा दुर्लक्षिली जाते. इंग्रजी विशेषण अविकारी आहे. आइसलँडी भाषेत तीन लिंगे असून बहुतेक विशेषणे लिंग, वचन व विभक्ती यांनुसार पालटतात. आपल्याकडे ‘कोरडा’, ‘कोरडी’, ‘कोरडे’ यांपैकी एक निवडल्यावाचून सुटका नसते, तद्वतच. ‘थंड’ मोकळे राहते. ‘कोरडी’ म्हणताच हवेची किंवा एखाद्या स्त्रीची सावली पडते. तात्पर्य, ज्या संदिग्धतेवर फरशीची सारी मदार आहे ती परक्या भाषेत पूर्ण आहे, तर भूमीच्या भाषेत आकुंचित.

मग ही स्मृती कोणाची? हॉर्न यांनी त्या गावच्या व आसपासच्या रहिवाशांकडून हवामानाविषयीची निवेदने गोळा करविली. ‘वेदर रिपोर्ट्स यू’ या नावाने ती २००७ मध्ये ग्रंथरूपही झाली. निवेदन म्हटले की कर्ता आला, काळ आला. अमुक मनुष्य, अमुक दिवशी. फरशीने नेमके हेच गाळले आहे. पाहुण्याच्या स्मृतीला काळाची गरज नसते. ऋतू भोगणाऱ्याच्या स्मृतीला असते. मांडणीत पायाखाली आली ती पहिली, दुसरी पुस्तकाच्या पानांत राहिली.