चर्चसमोरची बाग आणि आमचा मांड : गार्सिया द ऑर्ता उद्यानाविषयी काही आक्षेप

पेडण्याकडचा माणूस पणजीला गेला की चर्चच्या पायऱ्यांचा फोटो काढतो आणि समोरच्या बागेत पाय मोकळे करून बसतो. कागदोपत्री ती महानगरपालिकेची बाग. वारसाप्रेमी मंडळी तिला गार्सिया द ऑर्ता उद्यान म्हणतात. पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला १८४३ मध्ये आणि ही बाग झाली १८५५ मध्ये. म्हणजे राजधानी आणि तिची बाग जवळजवळ बरोबरीनेच वाढल्या. मधला स्तंभ नंतरचा, १८९८ चा. वास्को द गामा हिंदुस्थानात आला त्याला ४०० वर्षं झाली म्हणून तो उभारला गेला आणि वर गामाचा अर्धपुतळा बसवला. मुक्तीनंतर पुतळा उतरला आणि त्या जागी अशोकाचे सिंह आले.

हा बदल मला आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. स्तंभ पाडला नाही, मस्तक तेवढं बदललं. खाली पोर्तुगीज, वर भारतीय प्रजासत्ताक. दोन्ही राजवटींची सही एकाच दगडी खांबावर पाहायची असेल तर याहून सोपं ठिकाण गोव्यात नाही. इतिहास शिकवणाऱ्याने मुलांना तिथे न्यावं आणि फक्त वर बघायला सांगावं, अर्धा धडा तिथेच होतो.

आक्षेप दुसऱ्याच गोष्टीवर आहे. बागेचा इतिहास म्हटलं की आपण सगळे खांबाबद्दलच बोलतो. बागेला नाव आहे ते मात्र दर्यावर्दीचं नाही, झाडांचा अभ्यास करणाऱ्या एका वैद्याचं आहे.

गार्सिया द ऑर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. १५६३ मध्ये त्याचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. भारतातल्या औषधी द्रव्यांवरचे संवाद असं त्याचं स्वरूप. एक पाहुणा वैद्य प्रश्न विचारतो, ऑर्ता उत्तरं देतो. नारळ, आंबा, फणस, सुपारी, मिरी, धोतरा, रात्री फुलून पहाटे गळणारा प्राजक्त, सगळं त्यात आहे. आपलं भिरंडसुद्धा आहे, पोर्तुगीजात त्याचं 'ब्रिंदांव' झालं. लिस्बनच्या पंडिताने पुस्तकात वाचून लिहिलेलं हे नाही. इथल्या बाजारात, इथल्या परसात बघून लिहिलेलं आहे. ऑर्ताचं घराणं मूळचं ज्यू. तो १५६८ मध्ये गेला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने जाळलं आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडं उकरून जाळली. एवढी मोठी गोष्ट एका नावात दडलेली असताना आपण बागेत जातो आणि खांब बघून परत येतो!

त्या पुस्तकात अंतोनिया नावाची एक दासी आहे. बोलणं चालू असताना ऑर्ता तिला हाक मारतो, अमुक झाडाची फांदी आण म्हणतो आणि ती घेऊन येते. बाग कुठे आहे आणि त्यात काय आहे ते अंतोनियाला ठाऊक आहे. वारसा-फेऱ्यांमध्ये ऑर्ताचं नाव निघालंच तर निघतं, अंतोनियाचं निघत नाही. आणि आजच्या बागांच्या आराखड्यांतही माळ्याचं तेच होतं. वास्तुविशारद असतो, ठेकेदार असतो, उद्घाटक तर असतोच असतो. कोणत्या झाडाला कुठल्या महिन्यात पानगळ आणि कुठल्या मुळाशी पाणी साचतं हे ज्याला माहीत, त्याला बैठकीत खुर्ची नसते.

आता कार्यक्रमांकडे येऊ. ८ डिसेंबरला चर्चचं फेस्त असतं, तेव्हा बागेभोवती फेरी भरते. नाताळ येतो, कार्निव्हल येतो. फेस्ताची फेरी ही जुनी, हक्काची गोष्ट आहे, तिच्यावर माझं काहीच म्हणणं नाही. पण गेल्या वीसेक वर्षांत पणजीत सार्वजनिक जागा म्हणजे कार्यक्रमाची जागा असं समीकरण बसत गेलं, ते कांपालकडे जास्त स्पष्ट दिसतं. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात होऊ लागला, २०१६ पासून सेरेंडिपिटी कला महोत्सव. दोन्ही चांगलेच, लोक जातात, मीही जातो. तरी महोत्सवासाठी बाग आणि बागेसाठी महोत्सव यात फरक आहे. पहिल्यात बाग हा मांडव घालायचा पाट. महोत्सव उठला की पाट तसाच उष्टा राहतो आणि पुढच्या नोव्हेंबरात कोणीतरी तो धुतो. स्थानिकांचा सहभाग असं अहवालात लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ बहुतेक वेळा स्थानिक प्रेक्षक एवढाच असतो.

चर्चच्या बागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आझाद मैदान आहे. तिथला मंडप १८४७ चा, आफोंसो द आल्बुकेर्कच्या पुतळ्यासाठी बांधलेला. खांब आणले जुन्या गोव्यातल्या पडक्या डोमिनिकन चर्चचे. पुतळा आता जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे आणि मैदानात त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारक. पण त्या मैदानाचा खरा लोककार्यक्रम कुणी आखलेलाच नाही. गोव्यात कुठेही अन्याय झाला की मोर्चेकरी आझाद मैदानावर बसतात. खाणवाले बसले, शिक्षक बसले, भाषेसाठी लोक बसले. सुशोभीकरणवाल्यांना ते कदाचित अडगळ वाटेल. मला वाटतं पणजीतली सर्वांत जिवंत वारसास्थळाची वहिवाट तीच.

'वहिवाट' हा शब्द मुद्दाम वापरला. आमच्या पेडणे महालात सार्वजनिक बाग नावाची चीज नव्हती. इथे १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांचा अंमल, नगररचनेचा पोर्तुगीज शौक आमच्यापर्यंत उशिरा पोचला. पण सार्वजनिक जागा होती, ती म्हणजे मांड. शिगम्याचा मांड, धालोचा मांड. वर्षातले थोडेच दिवस तो गाजतो, बाकी वर्षभर नुसती सारवलेली किंवा मोकळी जमीन. पण त्या मोकळ्या दिवसांतही तिथे चप्पल घालून कुणी जात नाही, घाण टाकत नाही. पहिला मान कुणाचा, सारवण कुणी करायचं, धालो घालायच्या रात्री कुणी दूर राहायचं, सगळं ठरलेलं. मान आणि काम एकाच घराकडे असतं, ही त्यातली खुबी. मांड जातीपातीच्या उतरंडीतून सुटलेला नाही, हेही खरं. मानाच्या नावाखाली कुणाकुणाला बाहेर ठेवलं ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून मांड जसाच्या तसा बागेत नेऊन बसवा असं मी म्हणत नाही. कामाशिवाय मान नाही, एवढंच घ्यावं.

मोरजीत याचं आधुनिक रूप तेंबावर आहे. चापोरा नदी समुद्राला मिळते तिथली ही वाळू. नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं इथे अंडी घालायला येतात. एके काळी अंडी खाण्यासाठी नेली जात. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून गावातलेच लोक राखणीला उभे राहिले, वन खात्याने त्यांना हाताशी धरलं. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग ही नावं कासवांचे किनारे म्हणून आली. सगळं गोड आहे असं नाही. दिव्यांचा झगमगाट पिल्लांना समुद्राऐवजी उलट्या दिशेला ओढतो, आणि शॅकवाल्याला दिवे मालवायला सांगणं म्हणजे त्याच्या धंद्यावर बोट ठेवणं. भांडणं आहेत. पण भांडण आहे कारण दोन्ही बाजूंचे लोक तिथलेच आहेत, आणि तारखा कासव ठरवतं. कार्यक्रम जागेच्या पंचांगाप्रमाणे चालतो. पणजीच्या बागेत नेमकं उलटं, जागा कार्यक्रमाच्या पंचांगाप्रमाणे चालते.

पाण्याचंच बघा. गोव्यात पाऊस धो धो पडतो, पण जून ते सप्टेंबर. पुढचे सात-आठ महिने आभाळ कोरडं. अशा मुलखात बारमाही हिरवळ ही युरोपातली आवड आहे. पणजीला पिण्याचं पाणी येतं ओपाहून, खांडेपार नदीचं. एप्रिलात हिरवळ हिरवी ठेवायची तर ते शुद्ध केलेलं पाणी तरी वापरायचं नाहीतर टँकर बोलवायचा. त्यापेक्षा सावलीची झाडं, खाली पालापाचोळ्याचं आच्छादन आणि उन्हाळ्यात थोडी पिवळी पडलेली जमीन चालवून घ्यायची, यात वाईट काय? कुळागरात कुणी हिरवळ लावत नाही. घराघरातला कचरा वेगळा करून उचलण्याची सवय पणजीने राज्यात लवकर लावून घेतली, त्या शहराला बागेचा पाला बागेतच कुजवणं जड जाऊ नये.

तेव्हा महानगरपालिकेला पाठवायच्या निवेदनात नुसतं 'वारसा जपा' असं मोघम लिहू नये, ही मंडळाला विनंती. एकच कार्यक्रम मागावा आणि तो वर्षभराचा असावा. ऑर्ताच्या पुस्तकातल्या झाडांपैकी जी बागेत आहेत ती ओळखावीत, नसतील त्यातली दहा-बारा लावावीत. प्रत्येक झाडाची राखण एकेका शाळेकडे द्यावी, आणि माळ्याचं नाव पाटीवर शाळेच्या वर असावं. झाडांची मराठी-कोंकणी नावं म्हाताऱ्या माणसांकडून घ्यावीत. मुलांना हेही कोडं घालावं की ऑर्ताने एवढी झाडं लिहिली, मग काजू त्यात का नाही? उत्तर शोधताना अमेरिका, जहाजं आणि गोवा, सगळं हाताला लागेल.

सुरुवात भिरंडापासून करावी. फळं एप्रिल-मेमध्ये पिकतात, तेव्हा शाळांना सुट्टी असते आणि बागेत महोत्सव नसतो. सोलं फोडायला बायका इथून जातील. फक्त पावसाच्या आधी व्हायला हवं, मिरग लागला की वाळवणीचं काही खरं नाही.