‘औषध घेतलं’: सुरक्षा-फिल्टरला पाठवायच्या चार ओळी

समीक्षा म्हटलं की पुस्तकाची, नाटकाची. आज आम्ही समीक्षेला घेतोय तो एआय ॲपमधल्या कोडचा एक लहानसा तुकडा. वापरणाऱ्यानं लिहिलेला मजकूर मॉडेलकडे जाण्याआधी सुरक्षा-फिल्टरकडे जातो, आणि मॉडेलचं उत्तरही बहुतेक वेळा तिथूनच बाहेर पडतं. त्या फिल्टरला पाठवायची जी रिक्वेस्ट, ती आपण वाचायची. ती इतकी छोटी असते की कुणी वाचतच नाही. नमुन्यातून उचलली, की बदलली, चाललं.

मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर एआय कंटेंट सेफ्टीचं उदाहरण घेऊ. रिक्वेस्टमध्ये मजकूर असतो, एका वेळी जास्तीत जास्त १०,००० कॅरॅक्टर. कोणते प्रकार तपासायचे ते असतं: द्वेष, लैंगिक, हिंसा, स्वतःला इजा. हवी तर स्वतःची बंदी-शब्दांची यादी जोडता येते. परत येताना प्रत्येक प्रकारापुढं तीव्रतेचा आकडा येतो, नेहमीच्या मोजणीत ०, २, ४ किंवा ६. बस. किती आकड्याला अडवायचं आणि अडवल्यावर माणसाला काय सांगायचं, हे तुमच्या कोडनं ठरवायचं. यात भाषेचा रकाना नाही, हेही बघून ठेवा. कंपनीच्या कागदपत्रांत मॉडेल खास शिकवून तपासलेल्या आठ भाषा दिल्यात, इंग्रजी, जर्मन, जपानी वगैरे. मराठी त्यात नाही. इतर भाषांत चालतं, पण दर्जा कमीजास्त असू शकतो, असं तेच सांगतात.

आता हे बिडकीनमध्ये का बोलायचं? इथं ७,८५५ एकरांचं औद्योगिक क्षेत्र सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झालं, त्यामुळं सॉफ्टवेअरची भाषा गावात आली, हे एक. पण आमचं खरं कारण दुसरं आहे. कुंपणाच्या अलीकडं अजून कपाशी आहे, मोसंबी आहे, आणि शेतीचा सल्ला मराठीत देणारे चॅटबॉट आता फोनवर आलेत. राज्य सरकारचं महाविस्तार २०२५ मध्ये आलं, खासगी तर किती. म्हणून आम्ही परीक्षेला शब्द घेतला तो इथलाच: औषध.

‘कपाशीवर औषध मारलं, तरी अळी मेली नाही.’ यात मारणंही आहे, मरणंही आहे, आणि काळजीचं काही नाही. ‘दुपारी औषध मारताना तोंडावर उडालं, आता डोकं गरगरतंय.’ हा दवाखान्याचा मामला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. तेव्हा हे वाक्य किरकोळ नाही. आणि तिसरं: ‘त्यानं औषध घेतलं.’ शहरात याचा अर्थ गोळी घेतली, बरं वाटेल. मराठवाड्यात रात्री अकराला कुणी हे लिहिलं तर वाचणारा उठून चप्पल घालतो. शब्द तोच, प्रसंग तीन. इंग्रजीच्या सवयीचा फिल्टर याचं ‘मेडिसिन’ करून ० देईल, ही आमची भीती आहे. पहिल्या वाक्याला तो हिंसेचा आकडा लावेल, ही दुसरी. आमच्या भीतीवर जाऊ नका. ही तीन वाक्यं, त्यांची तुमच्या भागातली रूपं, आणि तीच रोमन लिपीत टाइप केलेली, अशी शंभरेक जमवा आणि चालवून बघा. मराठी ॲप बाजारात आणणाऱ्यानं निदान एवढं करूनच आणावं.

चित्र अगदीच वाईट आहे असं नाही. ओपनएआयनं सप्टेंबर २०२४ मध्ये नवं मॉडरेशन मॉडेल आणलं. ४० भाषांच्या त्यांच्याच चाचणीत सर्वाधिक सुधारलेल्या भाषांत त्यांनी तेलुगू, बंगालीबरोबर मराठीचं नाव दिलं, ४.६ पट. आनंद आहे. पण एवढी उडी मारायला जागा होती, म्हणजे आधीचं काय होतं तेही कळलं! आपल्याकडं पुण्याच्या एलथ्रीक्यूबचा महाहेट हा २५,००० हून अधिक ट्विटांचा संच २०२२ मध्ये आला. मोलाचं काम. मात्र त्यात शोधलाय तो द्वेष आणि शिवीगाळ. शिवी ओळखायला शिकलेलं मॉडेल निराशा ओळखेल, असं धरून चालू नका. निराश माणूस बहुधा फार सभ्य भाषेत लिहितो.

मग कुणी म्हणतं, बंदी-शब्दांची यादी करू. करा, पण ‘औषध’ त्यात घातलात तर शेतीचं ॲप बंदच पडेल. शिवाय मराठी शब्द एका रूपात राहत नाही: विष, विषानं, विषाचा. जसाच्या तसा शब्द जुळवणारी यादी तिथं फसते. आणखी एक गंमत सांगतो. ‘शेतकऱ्याला’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरण यांना एक करत नाही, तुम्हालाच करावं लागतं. शेतकऱ्यासाठीच्या ॲपला ‘शेतकरी’ धड जुळवता येऊ नये, याला काय म्हणावं.

पण आमचा खरा आक्षेप रिक्वेस्ट पाठवल्यानंतरच्या ओळीवर आहे. आकडा ४ किंवा वर, तर अडवा. चारही प्रकारांना एकच नियम, आणि पडद्यावर ‘आपला संदेश आमच्या धोरणात बसत नाही.’ द्वेषाच्या मजकुराला हे ठीक. स्वतःला इजा करण्याविषयी जो लिहितोय त्याला हेच दाखवणं म्हणजे दार लावून घेणं. त्या प्रकारासाठी उंबरठा वेगळा हवा, २ वरच थांबा. आणि थांबल्यावर अडवू नका, विचारा: ‘औषध अंगावर उडालं का पोटात गेलं?’ लगेच १०८ चा नंबर दाखवा, टेली-मानसचा १४४१६ दाखवा. रिक्वेस्टमध्ये शेवटचा एकच संदेश न पाठवता आधीचे दोन-तीनही पाठवा, कारण कर्ज आणि पावसाचं आधीच्या ओळीत येतं आणि ‘घेतलं’ नंतरच्या.

फिल्टरकडून उत्तरच आलं नाही तर? बहुतेक कोडमध्ये तिथं चूक गिळून टाकलेली असते आणि संदेश तसाच पुढं जातो. बाजारभाव विचारला असेल तर जाऊ द्या. फवारणीचं प्रमाण सांगणारं उत्तर मात्र न तपासता बाहेर जाऊ नये.

नोंदीबद्दल एक. अडवलेला मजकूर लॉगमध्ये आख्खा लिहून ठेवायची सवय आहे. फोन नंबर आणि त्याशेजारी असं वाक्य, ते कंत्राटदाराकडची चार पोरं वाचणार. गावात गोष्ट फिरायला वेळ लागत नाही. प्रकार, आकडा, वेळ एवढंच ठेवा. मजकूर ठेवायचाच असेल तर फक्त त्या माणसाला दिसेल असा ठेवा, जो उलट फोन करणार आहे. असा माणूस तुम्ही नेमलेलाच नसेल, तर पडद्यावर ‘आम्ही आपल्याशी संपर्क करू’ असं लिहू नका.