पदभ्रमणाची संहिता आणि लुप्त सहचर

इंग्रजी साहित्यातील स्वच्छंदतावादाचा विचार करताना निसर्ग आणि एकांत ही दोन आशयसूत्रे बहुधा जोडीने मांडली जातात. रानावनातून एकट्याने हिंडणारा कवी ही प्रतिमा त्यातूनच रूढ झाली. प्रत्यक्षात या साहित्यामागची कित्येक पदभ्रमणे मित्रांच्या आणि आप्तांच्या संगतीत घडलेली होती. संगतीतून उपजलेली संहिता एकांताचा दावा का करते, हा प्रश्न केवळ चरित्राचा नाही; तो कर्तृत्वाच्या संकल्पनेलाच भिडतो.

नोव्हेंबर १७९७ मध्ये वर्ड्‌स्वर्थ, त्याची बहीण डोरोथी आणि कोलरिज सॉमरसेटच्या किनाऱ्याच्या दिशेने पायी निघाले. सहलीचा खर्च निघावा म्हणून दोघा कवींनी मिळून एक कविता लिहावी व ती मासिकाला द्यावी, असा बेत चालता चालता ठरला. ‘द राइम ऑफ द एन्शंट मरिनर’चा उगम या बेतात आहे. अल्बट्रॉसच्या हत्येची कल्पना आपली, असे वर्ड्‌स्वर्थने पुढे सांगितले. कविता मात्र कोलरिजने एकट्याने सिद्ध केली. १७९८ चा ‘लिरिकल बॅलड्‌स’ हा संग्रह निनावी प्रसिद्ध झाला, ही गोष्ट या संदर्भात सूचक ठरते.

‘डॅफोडिल्स’ या नावाने परिचित असलेल्या कवितेत हा पेच अधिक तीव्र होतो. १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर सरोवराच्या काठी ती फुले भावाने आणि बहिणीने बरोबरच पाहिली. डोरोथीने त्याच काळात आपल्या दैनंदिनीत त्यांचे वर्णन केले. फुलांना मानवी उल्हास बहाल करण्याची दृष्टी तिच्या गद्यात आधीच आढळते. १८०७ मध्ये प्रकाशित झालेल्या कवितेतील निवेदक मात्र एकटा आहे. डोरोथी १८५५ मध्ये वारली. तिची ग्रासमियरची दैनंदिनी १८९७ मध्ये ग्रंथरूपाने वाचकांसमोर आली.

याला कृतघ्नता म्हणणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. भावकवितेचा घाट एकाच ‘मी’च्या आधारावर उभा राहतो, दुसऱ्या पाहणाऱ्याला तेथे सहसा जागा उरत नाही. निबंधाची प्रकृती निराळी आहे. हॅझलिटने १८२२ मधील ‘ऑन गोइंग अ जर्नी’ या निबंधात एकट्याने भटकण्याचा पक्ष हिरिरीने मांडला. तरी त्याच निबंधात चालता चालता बोलू शकणाऱ्या कोलरिजची आठवण त्याला होतेच. १८२३ मध्ये १७९८ च्या लिंटनवारीचे स्मरण करताना तो कोलरिजबरोबर जॉन चेस्टर या अबोल सोबत्यालाही उभा करतो. कोलरिजला खडबडीत, चढउताराच्या वाटेवर, तर वर्ड्‌स्वर्थला सरळ पायवाटेवर येरझारा घालत रचना करणे आवडे, हे त्याने टिपलेले निरीक्षण निर्मितिप्रक्रियेचे मर्म सांगते. असे निरीक्षण सहचरच करू शकतो.

तेव्हा सहचराचे विलोपन हा व्यक्तीच्या स्वभावाचा भाग नसून साहित्यप्रकाराचे कार्य आहे. म्हणूनच कविता, दैनंदिनी आणि निबंध परस्परांशेजारी ठेवून वाचले पाहिजेत. अर्थात एवढ्यावरून कवीचे कर्तृत्व समूहात विरघळवणेही योग्य नव्हे. पाहिलेल्या दृश्याचे स्मृतीत झालेले रूपांतर हे कवितेचे स्वतःचे कार्य आहे. परंतु अंतश्चक्षू आणि एकांताचा आनंद यांविषयीच्या, त्या रूपांतराला शब्द देणाऱ्या दोन ओळी आपली पत्नी मेरी हिच्या आहेत, असे खुद्द वर्ड्‌स्वर्थनेच नमूद केले आहे. इंग्रजी कवितेतील एकांताचे हे सुप्रसिद्ध सूत्रही सोबतीनेच दिलेले आहे.